पुणे हेडफोन कट्टा: जानेवारीतला दुसरा रविवार (वृत्तांत खाली प्रतिसादांत)

खर्जातला

मंडळी, पावसाळ्यापासून नुसतं "एकदा भेटू या" चाललंय. आता तारीखच टाकतो. जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळी १० ते संध्याकाळी ५. जागा सदाशिव पेठेत, ओळखीच्या एका गाण्याच्या क्लासची वरची खोली. रविवारी क्लास बंद असतो. सतरंजी आहे, लोड आहेत, जाड पडदे आहेत आणि खिडकी आतल्या चौकाकडे उघडते, त्यामुळे रिक्षांचा त्रास नाही. पत्ता व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) कळवेन. चहा माझ्याकडून, जेवण टीटीएमएम.

कट्टा कशाला, तर आपल्याकडे हेडफोन घ्यायचा म्हणजे रात्ररात्र व्हिडिओ बघायचे, कोणता सूर किती जोरात वाजतो त्याचे आलेख ताडून बघायचे आणि शेवटी देवाचं नाव घेऊन ऑर्डर टाकायची. आवडला नाही तर "सील फोडलंय" हे उत्तर ठरलेलं. दुकानात डेमोला ठेवलेले असतात ते बहुतेक ब्लूटूथवाले, त्यातले निम्मे चार्ज नसलेले. वीस मिनिटं डोक्यावर ठेवल्याशिवाय जी वस्तू कळतच नाही, ती आपण फोटो बघून घेतो.

एक नियम: शेवटच्या तासापर्यंत कुणी कशाचीही किंमत सांगायची नाही. लोगोवर कागदी टेप लावणार आहे. ओळखणारे ओळखतीलच, पण त्यांनी गप्प बसावं.

माझ्याकडून: सेनहायझर एचडी ६००, बायरडायनॅमिक डीटी ९९० (विद्युत विरोध, म्हणजे इंपिडन्स, २५० ओहम), कॉस पोर्टा प्रो, एक डेस्कटॉप अँप (हेडफोनसाठीचा अँप्लिफायर) आणि ॲपलचा छोटा डोंगल (फोनला हेडफोन जोडायचा). तुम्ही काय आणताय ते खाली लिहा.

चाकणकर

येणार. हायफायमन एचई४००एसई आणि दोन आयईएम (कानाच्या आत बसणारे इअरफोन). शनिवारी सेकंड शिफ्ट आहे, त्यामुळे ११ पर्यंत उगवेन. पोर्टा प्रो कशाला राव? ते तर खेळण्यातलं दिसतं.

खर्जातला

१९८४ पासूनचं ते खेळणं अजून विकलं जातंय. ऐक आणि मग बोल.

पार्लेकरीण

मी इंद्रायणीने येते. हेडफोन एकच आहे, तोही ब्लूटूथ. चालेल ना? की जातीबाहेर?

खर्जातला

वायर जोडता येत असेल तर दोन्ही प्रकारे ऐकू. नसेल तरी या, ऐकायला इथे पुष्कळ असेल.

रियाजघरी

येईन, पण दोन प्रश्न. कानात काय घालून यावं? कुड्या चालतात असा अनुभव आहे, झुमके नाही, आणि बुगडी घातली की गोल कप नीट टेकतच नाही. दुसरं म्हणजे आयईएम एकमेकांच्या कानातले काढून घालायचे? शी!

खर्जातला

ताई, बुगडी घरी. "शी" बद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो आणि विचारत कुणी नाही.

आयईएम ऐकायची असतील त्यांनी आपापल्या सिलिकॉन टिप्स आणायच्या, तिन्ही मापांच्या. टीप बसते ती आयईएमची नळी सगळ्यांची सारख्या जाडीची नसते, म्हणून दोन प्रकारच्या असल्या तर उत्तम. फोमच्या टिप्स वाटून घ्यायच्या नाहीत, त्या नीट पुसता येत नाहीत. ऐकून झालं की टीप काढायची आणि ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने बाहेरचं शेल पुसायचं. नळीच्या जाळीत द्रव जाता कामा नये. जाळी खाली करून कोरड्या मऊ ब्रशने झाडायची, म्हणजे मळ आत न जाता खाली पडतो. कान वाहत असेल, दुखत असेल तर त्या दिवशी फक्त ओव्हर-इअर (कान बाहेरून झाकणारे) ऐका.

आणि पुरुष मंडळींनो, रविवार आहे म्हणून डोक्याला खोबरेल थापून येऊ नका. डीटी ९९० चे पॅड मखमली आहेत, तेल गेलं की गेलं. संक्रांत तोंडावर आहे, कुणीतरी तिळगूळ आणणारच. खा, मग बेसिनला हात धुवा, मगच हेडफोनला हात लावा.

मापकरी

मी पण एक अट घालतो, नाहीतर दिवसभर "याचं स्टेज (म्हणजे आवाजाचा पसारा) मोठं, त्याचं स्टेज मोठं" करून सगळे घरी जातील. आवाजाची पातळी जुळवल्याशिवाय तुलना करायची नाही.

दोन गोष्टींत एक डीबीचा (डेसिबलचा) फरक असला तर "हा जोरात वाजतोय" असं कुणालाच वाटत नाही. वाटतं, हा जास्त मोकळा आहे, यात तपशील जास्त आहे, डोळ्यांपुढचा पडदा बाजूला झाला. (परीक्षणांमधले निम्मे पडदे असेच बाजूला होतात.) शिवाय हळू आवाजात आपल्या कानाला अगदी खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच त्याचे आलेख काढून ठेवलेत. म्हणजे नुसता नॉब थोडा फिरवला की बास सुधारल्यासारखा वाटतो.

अँप विरुद्ध अँप सोपं आहे. हेडफोन जोडलेलाच ठेवायचा, १०० हर्ट्झची साइन (एकच शुद्ध सूर) लावायची, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून दोन्हीकडचं आउटपुट सारखं करायचं. व्होल्टेजमध्ये १ टक्का फरक म्हणजे ०.०९ डीबीच्या आसपास, तेवढं पुरे. हेडफोन विरुद्ध हेडफोन मात्र अवघड, कारण प्रत्येकाचा आलेखच वेगळा. तिथे पिंक नॉइज (सगळे सूर मिसळलेला खळखळाट) लावायचा, जाड पुठ्ठ्याला मधोमध भोक पाडून त्यात आवाज मोजायच्या मीटरचा माइक बसवायचा आणि पुठ्ठ्यावर कप दाबून धरायचा. ढोबळ आहे, पण "अंदाजे सारखं वाटतंय" यापेक्षा बरं. मीटर आणि पुठ्ठा मी आणतो.

जुनाकान

मापकरीसाहेब, मी ६८ वर्षांचा आहे. रमणबागेत सवाईला शेवटच्या रांगेत, पायाखाली वर्तमानपत्र घालून रात्रीच्या रात्री बसलेला माणूस. तिथे कुणी फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स विचारला नाही. गाण्याला मल्टिमीटर लावणं म्हणजे पुरणपोळीला थर्मामीटर लावण्यासारखं आहे.

मापकरी

काका, गाण्याला नाही लावत, अँपला लावतो.

जुनाकान

बरं. येतो. एकेजी के २४० आणतो, ऑस्ट्रियात बनलेलं, ६०० ओहमवालं. तुमचा तो बोटभर डोंगल त्याला पुरतो का ते बघू.

चाकणकर

खुर्ची टाकून बसलोय. काका विरुद्ध मापकरी, तिकीट किती?

सिंगापुरी

धागा वाचून हेवा वाटला. इथल्या कॅनजॅमला (हेडफोनच्या प्रदर्शनाला) जाते मी. महागातलं महाग ऐकायला मिळतं, हायफायमनच्या सुस्वारा हेडफोनपासून जपानी स्टॅक्सपर्यंत. पण एका हॉलमध्ये शेकडो माणसं बोलत असतात, आणि ओपन बॅक हेडफोन म्हणजे मागून उघडाच, सगळी कुजबुज आत. मग लोक आवाज वाढवतात, रांगेतला पुढचा त्याहून वाढवतो. तुमची सतरंजीवाली खोली मला जास्त आवडली असती.

दोन सूचना करते. गप्पांची जागा वेगळी ठेवा, जिना किंवा गच्ची काहीही. आणि आवाजाला लगाम घाला: प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं माप ८० डीबी, आठवड्याला ४० तास असं आहे, आणि त्यावर दर ३ डीबीला वेळ निम्मा होतो. कट्ट्यावर एका दिवसात तो कोटा सहज उडतो.

नगरी

नगरहून एसटीने येतोय. माझ्याकडे काहीच नाही, फक्त फोन आणि चष्मा. बजेट तीन हजार. अडाणी प्रश्न: ओहम जास्त म्हणजे हेडफोन भारी का?

मापकरी

नाही. आणि ओहम जास्त म्हणजे वाजवायला अवघड असंही नाही. एचडी ६०० हा ३०० ओहमचा, पण १ व्होल्टला १०० डीबीच्या वर जातो. वर उल्लेख आलेला सुस्वारा फक्त ६० ओहमचा, पण संवेदनशीलता (ठरावीक ताकदीला किती जोरात वाजतो ते माप) ८३ डीबी, त्याला खरोखरच ताकदीचा अँप लागतो. दोन्ही आकडे एकत्र वाचायचे. एकच लक्षात ठेवा: अँपचा स्वतःचा आउटपुट इंपिडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा. जुन्या काही यंत्रांच्या हेडफोन सॉकेटला १२० ओहम असतात. त्यावर बऱ्याच ड्रायव्हरचं (आवाज काढणाऱ्या भागांचं) आयईएम लावलं तर त्याचा आलेखच बदलतो, आणि लोक म्हणतात "या अँपचा आवाज वॉर्म आहे".

डोंगल फोनला लावणार असाल तर आधी तपासा. ॲपलचा डोंगल काही अँड्रॉइड फोनवर पूर्ण आवाज देत नाही.

रियाजघरी

ऐकायचं काय, यावर कुणी लिहिलंच नाही. सगळे तेच चार परदेशी ट्रॅक आणणार, ज्यांत काच फुटते आणि बाई कुजबुजते. माझी यादी लिहिते.

आधी नुसता तंबोरा. गाणं नको. जवारी (घोडीवर साधलेली तारेची झणकार) नीट लागली असेल तर तारेतून वरच्या स्वरांची एक फिरती रांग निघते, ती पायरीपायरीने ऐकू यायला हवी. ज्या हेडफोनच्या आलेखात वर कुठेतरी उंचवटा असतो, त्यात रांगेतला एकच स्वर पुढे येऊन बसतो आणि बाकीचे त्याच्यामागे लपतात. दोन मिनिटांत कळतं.

खर्जाची तार ही बासची परीक्षा समजू नका. काळी एकच्या तंबोऱ्यात खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा, पण त्या मुळातल्या ६९ मध्ये जोर थोडाच असतो. वरच्या स्वरांवरून कान खालचा सा आपणच उभा करतो, म्हणून फुटपाथवरच्या इअरफोनमध्येही खर्ज "ऐकू" येतो. बाससाठी डग्गा घ्या. मनगट दाबत काढलेल्या मींडेत घुमारा सरकत जातो की एकाच जागी धुम्म करून बसतो, ते बघा. ढोलपथकाचे व्हिडिओ आणू नका, फोनच्या माइकने त्यात आधीच मान टाकलेली असते.

भजनातले टाळ आणि गायकाचे "स", "श" एकत्र येतात अशी जागा शोधून ठेवा. चकाकी आवडणाऱ्यांची खरी परीक्षा तिथे.

शेवटी जुनं मोनो रेकॉर्डिंग, रेडिओवरचं किंवा ७८ च्या तबकडीवरून घेतलेलं. लोक हसतात, पण दोन्ही बाजू जुळतात का हे याच्याइतकं लवकर कशानेच कळत नाही. गाणारा डोक्याच्या बरोबर मध्यात बसला पाहिजे. सुरुवातीच्या काळातल्या स्टीरिओत मात्र तबला एका कानात आणि तंबोरा दुसऱ्यात असतो. स्पीकरवर दोन्ही आवाज दोन्ही कानांना पोचतात म्हणून खटकत नाही, हेडफोनवर डोकं उठतं. त्यासाठी प्लेअरमध्ये क्रॉसफीड (एका बाजूचा थोडा आवाज दुसऱ्या कानात सोडायची सोय) असेल तर चालू करा.

नगरी

ताई, याचा वेगळा धागा काढा. वाचनखूण साठवली.

जुनाकान

+१. मोनोबद्दल विशेष अनुमोदन.

पार्लेकरीण

वृत्तांत माझ्या गळ्यात घातलाय, तर घ्या.

दहाला पोचले तेव्हा खर्जातला जिन्यात चपला मोजत होते आणि मापकरी सतरंजीवर मांडी घालून पुठ्ठ्याला भोक पाडत होते. खोली खरंच शांत. हेडफोन ओळीने लोडांवर मांडलेले, लोगोंवर पांढऱ्या पट्ट्या, प्रत्येकाला नंबर. बोलायचं असेल तर गच्ची. पहिला तासभर कुणी गच्चीवर गेलंच नाही, यावरून काय ते समजा.

सुरुवातीलाच मापकरींच्या लॅपटॉपमधून बारीक घुंई ऐकू यायला लागली. अँप बदलला, वायर बदलली, तरी होतीच. लॅपटॉपचा दोन पिनांचा चार्जर काढला, थांबली. दिवसभर लॅपटॉप बॅटरीवर.

नगरीला पाच नंबर (डीटी ९९०) लावल्या लावल्या आवडला. "काय स्वच्छ आहे हो!" दुसरं काही ऐकायला तयार नव्हता. मग रियाजघरीताईंनी टाळांची जागा लावून दिली. पठ्ठ्या पाच मिनिटं भुवया आक्रसून बसला आणि मुकाट्याने हेडफोन उतरवून ठेवला. हाच नंबर चाकणकरला शेवटपर्यंत आवडला, टाळांसकट. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दिवसभर प्रेस शॉपमध्ये उभं राहिलं की संध्याकाळी थोडी चमक लागतेच.

नगरीचं दुसरं प्रकरण चष्म्याचं. कुणाच्या तरी क्लोज्ड बॅकमध्ये (मागून बंद हेडफोनमध्ये) त्याला बास नाहीच म्हणे, आणि शेजारी बसलेल्याला त्याच जोडीत भरपूर. चष्मा काढ म्हटल्यावर डग्गा आला. चष्मा घातला, गेला. जाड काडीमुळे पॅड कानामागे उचलला जात होता. तिथेच त्याने आयईएम घ्यायचं ठरवलं. एका सभासदाच्या भिकबाळीचा मोती आतल्या जाळीवर टिकटिक करत होता. त्याने भिकबाळी काढायला साफ नकार दिला आणि उरलेला दिवस पोर्टा प्रोवर काढला, आनंदात.

माझा ब्लूटूथ जातीबाहेर ठरला नाही. वायरने आणि एलडॅकवर (ब्लूटूथवरून आवाज पाठवायची एक पद्धत) आळीपाळीने ऐकला, फरक वाटला तो मुख्यतः आवाजाच्या पातळीचा. मापकरींनी पातळी जुळवून दिली तेव्हा मी गप्प झाले.

आता काका विरुद्ध मापकरी. डोंगल आणि डेस्कटॉप अँप, हेडफोन एचडी ६००, पातळी मल्टिमीटरने जुळवलेली. पडद्याआडून खर्जातला नाणं उडवून वायर बदलणार (किंवा बदलल्याचं नाटक करणार), ऐकणाऱ्याने सांगायचं कोणता वाजतोय. प्रत्येकाला दहा फेऱ्या. कुणाचे चार बरोबर, कुणाचे सहा. काकांचे आठ! खोलीत टाळ्या. मापकरी शांतपणे म्हणाले की नुसतं नाणं उडवून दहात आठ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता १८ मध्ये साधारण १ असते, आणि इथे एवढी माणसं बसलीत, कुणाचे तरी येणारच. काका परत बसा. काका परत बसले, पाच आले. काका म्हणाले चहा गार झाला होता.

पण मग काकांनी एचडी ६०० आणि आपलं के २४० मागितलं. दोन्ही डोळे मिटून, दुसऱ्याने डोक्यावर ठेवायचे. मापकरींनी हरकत घेतली की क्लॅम्पवरूनच (डोक्यावरच्या पकडीवरूनच) कळेल, ही काही आंधळी चाचणी नव्हे. काका म्हणाले, मग डोक्यावर ठेवूच नका, चार बोटं लांब धरा. तसं धरूनही दर वेळी बरोबर सांगितलं. "हा फरक मला मीटरशिवाय कळतो," काका म्हणाले. मापकरी म्हणाले, "तो मलाही कळतो काका, म्हणून तर म्हणतो अँपचे पैसे हेडफोनमध्ये घाला." यावर दोघांचं एकमत झालं, असं माझं मत. दोघांचं तसं मत नाही.

दिवसातली सगळ्यात भारी गोष्ट दुपारी घडली. चाकणकरच्या एका आयईएमची सकाळपासून तारीफ चालली होती, "स्टेज बघा किती रुंद!" मीही मान डोलावली होती. रियाजघरीताईंनी त्यावर ते जुनं मोनो लावलं आणि लगेच काढलं. गायिका मध्यात नव्हतीच, दोन्ही कानांकडे पसरलेली, मधली जागा रिकामी. त्यांनी केबलची दोन पिनांची टोकं नखाने ओढून काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. एका बाजूची पिन उलटी लावलेली होती. ती फिरवून बसवली आणि पुन्हा लावलं. गायिका येऊन बसली बरोबर भुवयांच्या मध्ये. स्टेज अर्थातच अरुंद झालं.

किमती पाचला जाहीर झाल्या. त्यावरची हळहळ आणि दोन-तीन शिव्या इथे देत नाही.

चाकणकर

वृत्तांत झकास. त्या पिनेबद्दल एवढंच सांगतो की केबल बसवूनच आली होती आणि मी महिनाभर त्या "स्टेज"वर फिदा होतो. खरं सांगायचं तर अजून कधीकधी उलटी लावून ऐकतो.

मापकरी

ऐका की. पण त्यावर परीक्षण लिहू नका.

नगरी

घेतला आयईएम, बजेटमध्ये. टिप्स मोठ्या मापाच्या लागल्या, मधल्यांत बास गळत होता. चष्म्यासकट.

बेळगावी

पुण्यात होतं हे उशिरा कळलं. पुढच्या कट्ट्याला माझा जुना स्टॅक्स आणू शकतो, एनर्जायझरसकट (त्याचा खास अँप). जपानहून आणलेला आहे, गेली काही वर्षं पेटीतच. पावसाळ्यात काढायची भीती वाटते.

मापकरी

नक्की आणा, पण पावसाळ्यात नको. इलेक्ट्रोस्टॅटिक आहे, आतल्या पातळ पडद्यावर ५८० व्होल्टचा बायस (कायमचा विद्युत दाब) असतो (खूप जुना असेल तर २३०), आणि दमट हवेत एक बाजू हळू होणं, चिरचिरणं हे प्रकार होतात. पेटीत सिलिका जेल ठेवा. त्याहून महत्त्वाचं: एनर्जायझरच्या मागची पट्टी वाचा. जपानमधला असेल तर १०० व्होल्ट लिहिलेलं असणार. आपल्या २३० मध्ये तसाच खुपसलात तर ऐकायला काही उरणार नाही.

बेळगावी

बघितलं. १०० च आहे. बरं झालं विचारलं.

खर्जातला

स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर क्लासच्या माळ्यावर आहे, तपासून ठेवतो. फेब्रुवारीतला शेवटचा रविवार, तीच खोली. बेळगावहून येताय तर कुंदा विसरू नका, आणि हात धुवायचा नियम कुंद्यालाही लागू.